पुढे निघून गेलेल्या मुली

पुणे–सातारा महामार्गावर कापूरहोळच्या फाट्याला एक रस्ता भोरकडे वळतो आणि दुसरा केतकावळ्याच्या बालाजीवरून नारायणपूर, सासवडकडे जातो. सकाळच्या वेळी इथे शिरवळच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेली पोरं कंपनीच्या बसची वाट पाहत असतात आणि पुण्याच्या कॉलेजांना निघालेल्या मुली एसटीला हात करत असतात. दोघांचंही गावाबाहेर जाणं रोजचं. पोरगा संध्याकाळी घरी येतो. मुलगीही काही वर्षं येते, मग तिचं लग्न होतं आणि ती धनकवडी, नऱ्हे, आंबेगाव नाहीतर थेट हिंजवडीच्या बाजूला कायमची राहायला जाते. भोर आणि वेल्ह्याच्या, म्हणजे आता राजगड असं नाव मिळालेल्या तालुक्याच्या गावांत तिशी ओलांडलेला बिनलग्नाचा मुलगा दर आळीत सापडतो. त्याच्यासाठी स्थळं पाहणं चालू असतं, नकार येत असतात आणि या सगळ्या धामधुमीत त्याचं मन वारंवार मागे जात असतं: शाळेतली ती, मामाची ती, कंपनीत पॅकिंगला होती ती. घरचे म्हणतात, झालं ते सोडून दे. मित्र म्हणतात, तिने फसवलं. माझं म्हणणं वेगळं आहे. लग्नाचा विचार करणाऱ्या पुरुषाने मागच्या प्रेमांकडे जरूर परत जावं आणि निवड करायची वेळ आली तेव्हा आपण नेमकं काय केलं, हे तिथे तपासावं. ते तपासल्याशिवाय ‘मुलीच मिळत नाहीत’ या तक्रारीतलं खरं किती आणि अपुरं किती, हे ना त्याला कळेल ना गावाला.

आपल्याकडे लग्नाच्या बाजारात माणूस ज्या कागदावरून ओळखला जातो तो कागद आधी पाहू. वर ‘श्री गणेश प्रसन्न’. खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, वर्ण, रास, गण, नाडी, देवक. मग शिक्षण आणि नोकरी. पगार आकड्यात, ‘कायम’ की ‘कंत्राटी’ हे मात्र बहुतेक वेळा गाळलेलं. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात बागायत किती, जिरायत किती, गावी आरसीसी घर, पुण्यात फ्लॅट असल्यास तो ठळक अक्षरात. मामाचं कूळ. नातेसंबंधात सात-आठ आडनावांची रांग, म्हणजे पाहुण्यांना कुठून तरी ओळख निघावी. शेवटी ‘अपेक्षा’: सुशिक्षित, अनुरूप, घर सांभाळणारी. हा कागद व्हॉट्सॲपवरच्या वधू-वर ग्रुपांतून दिवसाला शेकडो हातांतून फिरतो. मुलाचं पूर्ण कूळ त्यात आहे, पण तीस वर्षांत कुणावर जीव जडला, का तुटला, त्यातून तो काय शिकला याला जागा नाही. ती असावी असंही मी म्हणत नाही. कागदावर लिहायची ती गोष्टच नाही. अडचण अशी की कागदाबाहेरही तिला कुठे जागा राहिलेली नाही. कांदेपोह्यांच्या बैठकीत मुलामुलीला ‘काय विचारायचं ते विचारा’ म्हणून पाच-दहा मिनिटं गच्चीवर पाठवतात, तेवढ्यात ‘स्वयंपाक येतो का’ आणि ‘पुण्यात राहणार का’ यापलीकडे गाडी जात नाही. त्यामुळे जुनं प्रेम न सांगता, न तपासता तसंच मनात राहतं आणि नव्या माणसाला लावायचं माप बनून बसतं.

या जुन्या प्रेमांत मामाच्या मुलीचं प्रकरण सगळ्यांत गुंतागुंतीचं आहे आणि त्यावर थांबायला हवं. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हटलं. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत मामेबहीण, आतेबहीण, काही ठिकाणी भाचीसुद्धा चालते. महाराष्ट्रात मराठा-कुणब्यांसह अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणं मान्य, आतेबहिणीशी लग्न मात्र नापसंत. म्हणून इकडे मुलगा लहान असल्यापासून त्याला मामाच्या मुलीवरून चिडवतात. उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेला की बायका हसत ‘तुझी बायको आली बघ’ म्हणतात. हे प्रेम त्याने शोधलेलं नसतं, त्याच्या हातात दिलेलं असतं, आणि त्यामुळे त्यात हक्काची भावना पहिल्यापासून मिसळलेली असते. पुढे मामी मुलीला डी.एड. किंवा नर्सिंग शिकवते, मुलगी स्वतःच्या पगारावर उभी राहते आणि नात्यातल्या आतेभावाऐवजी पुण्यातल्या कायम नोकरीवाल्याला पसंत करते. तेव्हा त्या आतेभावाला जे दुखतं ते प्रेम गेल्याचं किती आणि हक्क गेल्याचं किती, हे त्याने एकदा तरी प्रामाणिकपणे वेगळं करून पाहिलं पाहिजे. मामेबहिणीला काय आवडायचं, तिला पुढे काय व्हायचं होतं, तिला आपण आवडतो का हे आपण तिला कधी विचारलं का, या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे नसतील तर ज्याच्यासाठी तो झुरतोय ते प्रेम त्याच्या एकट्याचं होतं. हे कळणं कडू आहे, पण लग्नाआधी कळलेलं बरं.

दुसऱ्या प्रकारची आठवण जातीच्या भिंतीला धडकून थांबलेली असते. कॉलेजात किंवा कंपनीत ओळख झाली, दोन-तीन वर्षं बोलणं चाललं, लग्नाचा विषय निघाला आणि मुलाने घरात एकदा चाचपून पाहिलं. वडील गप्प झाले, आईने जेवण सोडलं, चुलत्यांनी भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं सांगितलं. मुलाने मुलीला ‘घरचे ऐकत नाहीत’ एवढं कळवलं आणि विषय संपला. काही वर्षांनी हाच प्रसंग तो ‘नशिबात नव्हतं’ या शब्दांत आठवतो. इथे माझा आक्षेप आहे. नशीब दुष्काळ आणू शकतं, अपघात घडवू शकतं. ‘घरचे ऐकत नाहीत’ हा निर्णय होता आणि तो त्याने घेतला होता. कायदा त्याच्या बाजूने होता: १९५४ चा विशेष विवाह कायदा होता, पात्र आंतरजातीय जोडप्यांना शासनाचं पन्नास हजार रुपयांचं साहाय्य होतं, आणि दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात जातपंचायतीला वा कुणालाही आडवं येण्याचा अधिकार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलेलं होतं. कायदा असला म्हणून मार्ग सोपा होत नाही, हे मला ठाऊक आहे. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते, ती कार्यालयाच्या फलकावर लावली जाते, आणि त्या तीस दिवसांत घरापर्यंत बातमी पोहोचण्याची भीती खरी आहे. ज्याने त्या भीतीपुढे माघार घेतली त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण त्या माघारीला त्याने माघार म्हणावं, एवढं मागण्याचा अधिकार त्या मुलीला नक्की आहे. कारण माघार दोघांच्या वतीने घेतली गेली आणि ती घेताना तिला विचारलं गेलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो आकड्यांचा. आक्षेप घेणारे म्हणतात, तुम्ही मनाच्या गोष्टी करता, मुळात मुलीच कमी जन्मल्या आहेत. हे खरं आहे आणि त्याची जबाबदारी मोठी आहे. १९९१ मध्ये पुणे जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९४३ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९०२ झाल्या आणि २०११ मध्ये ८८३. गर्भलिंग चाचणीवर देशात पहिला कायदा करणारं राज्य महाराष्ट्रच, १९८८ साली; केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही आकडा घसरत गेला. २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात ज्योती क्रांती परिषदेने काढलेल्या मोर्चात मुंडावळ्या बांधलेले तरुण घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले आणि गर्भलिंग निदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी करा, अशी मागणी त्यांनी केली. त्या मोर्चाची अनेकांनी थट्टा केली. मला ती मागणी मनापासून योग्य वाटते. ज्या पिढीने मुली नाहीशा केल्या तिचीच मुलं त्या गुन्ह्याचा उच्चार रस्त्यावर करत होती.

पण हा आकडा हातात घेऊन पुढे मोजा. निसर्गतः हजार मुलांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्माला येतात. आज जिची लग्नाची वेळ आहे ती मुलगी ढोबळमानाने २००१ च्या गणनेतल्या बालवयातली, म्हणजे हजारी ९०२ च्या काळातली. तूट आहे ती शंभर मुलांमागे पाच मुलींच्या आसपास. त्यात मुलापेक्षा मुलगी चार-पाच वर्षांनी लहान हवी हा आग्रह आणि दर पिढीत कमी होत गेलेली अपत्यसंख्या धरली तर तूट आणखी वाढते. तरीसुद्धा पस्तिशीपर्यंत बिनलग्नाची राहिलेली मुलं एकेका आळीत ज्या संख्येने दिसतात ती या तुटीत मावत नाही. आणि मुली कमी असल्या तरी पुण्यातल्या कायम नोकरीवाल्याचं लग्न अडत नाही. अडतं ते गावात राहणाऱ्याचं. म्हणजे जन्माला न आलेल्या मुली हे एक कारण झालं. दुसरं कारण जन्माला आलेल्या, शिकलेल्या आणि विचार करून ‘नको’ म्हणणाऱ्या मुलींचं आहे. हे कारण समजून घ्यायला आकडे उपयोगी पडत नाहीत. तिथे उपयोगी पडतो तो त्या मुलाचा स्वतःचा अनुभव, कारण ‘नको’ म्हणणारी एक तरी मुलगी त्याने जवळून पाहिलेली असते. म्हणूनच मी त्याला मागे जायला सांगतो.

तिने नकार कशाला दिला हे समजायला या मुलखाची जमीन आणि पाणी बघावं लागतं. भोर-वेल्ह्यात धरणं उदंड आहेत: भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. इंग्रजी अमदानीत बांधलेल्या भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे गेलं. तिकडे ऊस उभा राहिला, बागायतदार नवरे तयार झाले. इकडे धरणाखाली बुडालेली जमीन, डोंगरउताराची भातखाचरं आणि पावसाचा भरवसा. जोडीला वाटण्या. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०–७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५–१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. आजोबांच्या पिढीत इथला मुलगा मुंबईला गिरणीत किंवा गोदीत लागला की सोयरीक चालून यायची. बायको गावी राहायची, नवरा गणपती-शिमग्याला यायचा, आणि त्या व्यवस्थेबद्दल बायकोचं मत विचारायची रीत नव्हती. आजची मुलगी ती व्यवस्था नाकारते आहे. सासू-सासरे गावी, नवरा पाळ्यांमध्ये आणि आपण भात लावणी, गुरं, चूल असं आयुष्य तिने आपल्या आईचं पाहिलेलं असतं. जमीन विकून आलेल्या पैशातून उठलेलं दोन मजली घरही तिला त्या आयुष्यापासून सोडवत नाही, कारण घर बदललं तरी घरातली कामाची वाटणी बदललेली नसते.

ही गोष्ट फक्त भोर-वेल्ह्यातली नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी स्वतःच्या प्रांतातल्या, पिरेनीज डोंगराच्या पायथ्याच्या बेआर्न भागातल्या एका गावाचा अभ्यास करून १९६२ साली तिथल्या अविवाहित शेतकऱ्यांवर दीर्घ लेख लिहिला. नाताळच्या सुमाराला गावात नाचाचा कार्यक्रम होतो. शहरात नोकरी करणारी पोरं शहरी कपड्यांत, नव्या चालीवर मुलींसोबत नाचतात आणि तिशीचे शेतकरी कडेला हारीने उभे राहून बघत असतात. उशीर होईपर्यंत उभे राहतात, नाचत नाहीत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की यांतले कितीतरी जण घरचे थोरले, जमिनीचे वारस होते. आधीच्या काळात लग्नाच्या बाजारात त्यांनाच सर्वांत जास्त मागणी असायची. मुली शिकल्या, शहरात कामाला गेल्या, शहराची चाल त्यांनी मुलांपेक्षा आधी उचलली आणि पिढीभरात किंमत उलटी झाली: जमिनीला बांधलेला वारस मागे पडला. बुर्द्यूंनी त्या पुरुषांकडे करुणेने पाहिलं, मुलींना दोष दिला नाही. कापूरहोळच्या आसपास नाताळचा नाच होत नाही, पण महामार्गावरच्या मंगल कार्यालयांत लग्नसराईत हळदीच्या रात्री डीजे लागतो. मित्राच्या लग्नात पुढे नाचून शेवटी खुर्चीवर एकटा बसलेला पस्तिशीचा मुलगा तिथे पाहायला मिळतो, आणि ज्या मुलीला तो मनातल्या मनात विसरलेला नाही ती त्याच लग्नाला नवऱ्याबरोबर गाडीतून आलेली असते.

इथे दुसरा आक्षेप जोरात येतो: मुली लोभी झाल्या आहेत, त्यांना फ्लॅट हवा, गाडी हवी, शेती हवी पण शेतकरी नको. हे गावात चावडीवर आणि समाजाच्या मेळाव्यांत व्यासपीठावरूनही ऐकू येतं. या आक्षेपाला उत्तर द्यायला दूर जावं लागत नाही. ज्या घरात हे बोललं जातं त्याच घरातल्या लेकीचं लग्न कसं ठरवलं ते पाहावं. बापाने मुलीसाठी शेतकरी शोधला का? भावाने बहिणीसाठी पुण्याचा फ्लॅट, कायम नोकरी आणि शक्यतो एकुलता एक असं स्थळ शोधताना किती घरांचे उंबरे झिजवले? बहिणीसाठी जी अपेक्षा शहाणपणाची होती ती दुसऱ्याच्या लेकीने केली की लोभाची कशी होते? फ्लॅट म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. चोवीस तास नळाला पाणी, दारात रिक्षा, स्वतःची नोकरी टिकवण्याची सोय, आजारी पडल्यावर कुणाची परवानगी न घेता दवाखान्यात जाण्याची मोकळीक, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. हे मागणाऱ्या मुलीने पुरुषाला नाकारलेलं नसतं. तिने एक जगण्याची रीत नाकारलेली असते, आणि ती रीत बदलायची तयारी दाखवणारा पुरुष तिला भेटलेला नसतो. मागच्या प्रेमात अडकलेल्या मुलाने हा प्रश्न स्वतःला विचारायचा आहे: तिला नोकरी सोडायची नव्हती, तेव्हा मी काय म्हणालो होतो? पुण्यात दोन वर्षं भाड्याने राहू असं तिने सुचवलं, तेव्हा आईबापांचं निमित्त मी पुढे केलं का? ‘ती सध्या काय करते’ या २०१७ च्या मराठी सिनेमाच्या नावाने एक आख्खी पिढी हळवी झाली. मला त्या हळवेपणाला नावं ठेवायची नाहीत. पण ती काय करते हे बहुतेकांना फेसबुकवर कळतं. तेव्हा आपण काय केलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि ते ज्याचं त्यालाच आठवावं लागतं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मला पूर्ण मान्य असलेल्या काळजीतून येतो. जुन्या गोष्टी उकरायला सांगितल्या तर बिनलग्नाचे, एकटे पडलेले पुरुष जुन्या मुलींना गाठायला जातील, मेसेज करतील, त्यांचे संसार धोक्यात आणतील. म्हणून हे स्पष्ट सांगतो. मी सांगतो आहे तो हिशेब माणसाने आपला आपण, फार तर एखाद्या विश्वासू मित्रापाशी करायचा आहे. त्या मुलीचं नाव त्यात कुठेही बाहेर येता कामा नये. तिचा नंबर शोधणं, बनावट खातं काढून तिचे फोटो पाहणं, तिच्या माहेरी यात्रेला ती येणार म्हणून मुद्दाम जाणं हे प्रेमही नव्हे आणि हिशेबही नव्हे. स्त्रीचा तिच्या इच्छेविरुद्ध पाठलाग करणं, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि आताच्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. कायद्याचं सोडा, ज्या मुलीने गाव सोडून मोठ्या कष्टाने आपलं आयुष्य उभं केलं तिच्या दारात आपली अपूर्ण इच्छा पुन्हा नेऊन ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. उलट माझा अनुभवसिद्ध तर्क असा की जो पुरुष मागचं नीट तपासतो त्याला पाठलागाची गरज उरत नाही, कारण ती आपलं काही देणं लागत नाही हे त्याला उमगलेलं असतं. पाठलाग करतो तो ‘तिने माझी फसवणूक केली’ या समजुतीला न तपासता धरून बसलेला.

मग होणाऱ्या बायकोला हे सांगायचं की नाही? गावात याचं ठरलेलं उत्तर ‘अजिबात नाही’ असं आहे आणि त्यामागे व्यवहार आहे: सांगितलेली गोष्ट भांडणात उलटून येते, सासरी-माहेरी फिरते, लग्न मोडायला निमित्त होते. मी या व्यवहाराला थोडा मान देतो. नाव-गाव, भेटीगाठी, पत्रं हे सांगण्यात काही साधत नाही. त्यात दुसऱ्या स्त्रीची अब्रूही गुंतलेली असते. पण ‘माझं आधी एकीवर प्रेम होतं, घरच्यांपुढे मी उभा राहिलो नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं याचा मी विचार केला आहे’ एवढं सांगणारा मुलगा समोरच्या मुलीला बायोडाटातल्या सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त माहिती देतो. सासरी तिची नोकरी, तिचे पैसे, तिची बाळंतपणं यांवर निर्णय होतील तेव्हा हा माणूस कुणाच्या बाजूला आणि किती ताठ उभा राहील, हेच तर तिला जाणून घ्यायचं असतं. आणि हे दोन्ही बाजूंनी हवं. स्वतःच्या तीन आठवणी जपणारा पुरुष मुलीचं ‘मागचं काही’ नाही ना याची गावभर चौकशी करवतो, मध्यस्थाला तिच्या कॉलेजपर्यंत पाठवतो. हा अन्याय उघड आहे आणि त्याचं कोणतंही समर्थन मला सुचत नाही.

हिशेब टाळण्याची किंमत त्या एकट्या पुरुषाला मोजावी लागत नाही. हताश झालेलं घर मध्यस्थाच्या हातात लाख-दोन लाख ठेवून दूरच्या जिल्ह्यातून, कधी परराज्यातून मुलगी आणतं. तिला भाषा येत नाही, तिने मुलगा पाहिलेला नसतो. कधी ती टोळीची असते आणि दागिन्यांसह निघून जाते, ती बातमी होते. कधी ती खरोखर गरिबाघरची, वयाने लहान असते आणि कुठेच जाऊ शकत नाही, त्याची बातमी होत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयोगटातल्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. त्यामागे गरिबी, ऊसतोडीचं स्थलांतर, शाळा लांब असणं अशी अनेक कारणं आहेत. थोराड, घाईला आलेले नवरे हेही त्यात मिळतात. शिकलेल्या, कमावत्या मुलीने दिलेल्या नकाराचा राग अशिक्षित, अल्पवयीन मुलीच्या होकारावर काढला जातो.

आणि ज्यांना मुलीच मिळत नाहीत असं म्हणतात त्यांच्या बायोडाटात एक अट अजूनही असते: प्रथम वधू. घटस्फोटित, विधवा चालणार नाही; मूल असलेली तर मुळीच नाही. भोर-वेल्ह्याच्या गावांत माहेरी परत आलेल्या पंचविशी-तिशीच्या मुली आहेत. कुणाचा नवरा दारूने गेला, कुणाचा महामार्गावरच्या अपघातात, कुणी मार खाऊन सहा महिन्यांत परत आली. यांतली एखादी त्याच मुलाच्या शाळेत होती, त्याच्या आठवणीत आजही आहे. दोघंही आता गावात आहेत, दोघंही एकटी आहेत आणि तरी तिचं नाव घरात स्थळ म्हणून निघत नाही. मराठा-कुणब्यांच्या कित्येक घराण्यांत आणि इतर अनेक जातींत विधवेचा पाट लावण्याची जुनी चाल होती, पण तिथेही अविवाहित मुलाने विधवेशी पाट लावायचा तर आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावत, अशा नोंदी जुन्या वांशिक वर्णनांत आहेत. पुरुषाचं पहिलं लग्न इतकं मोलाचं की ते विधवेवर खर्च होऊ नये म्हणून झाडाला द्यायचं. रुईचं लग्न मागे पडलं, त्यामागचा हिशेब ‘प्रथम वधू’ या दोन शब्दांत जिवंत आहे.

कुणी म्हणेल, अशा मुलीशी लग्न म्हणजे उपकार, आणि उपकारावर संसार उभा राहत नाही. मान्य. उपकार म्हणून कुणी हे करूच नये. तिलाही ते नको असतं. पण ज्या मुलीवर कधीकाळी जीव होता, जिला तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही, तिला आता सन्मानाने, मध्यस्थामार्फत, नकाराची पूर्ण मोकळीक ठेवून विचारणं यात उपकार कुठला? तिला मूल असेल तर त्याच्या शाळेचा, त्याच्या नावाचा विचार आधी करून विचारायचं. ती नाही म्हणाली तर तो नकार तसाच स्वीकारायचा. कापूरहोळ आपली ओळख धाराऊमुळे सांगतं: गाडे पाटलांच्या घरातल्या, संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या त्या बाईमुळे. दुसरीच्या पोराला आपलं दूध देणारी बाई ज्या गावाचा अभिमान आहे, त्या गावात दुसऱ्याचं मूल घेऊन येणारी सून अडचणीची का वाटावी, हा प्रश्न मला तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारायचा आहे. मुलांना मी एवढंच म्हणेन की पुढच्या वेळी बायोडाटा टाइप करायला बसाल तेव्हा अपेक्षांच्या रकान्यातून ‘प्रथम वधू’ खोडून पाहा, आणि घरात कुणी का खोडलं असं विचारलं तर उत्तर स्वतः द्या, आईला द्यायला लावू नका.